पिल्ली म्हणजे पिल्लू नव्हे

मुक्या प्राण्यांना एकच भाषा कळते, आणि ती म्हणजे प्रेमाची. हे वाक्य मी एका फ्लेक्सवर वाचलं तेव्हा मला पटलं होतं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. अक्षर मोठं होतं, मागे मावळता सूर्य होता, आणि कोपऱ्यात प्रमुख पाहुणे हात जोडून उभे होते. पुढे त्या वाक्याचा पडताळा घ्यायची वेळ आमच्या घरावर आली. आमच्या मांजराला प्रेमाची भाषा अजिबात कळत नव्हती. त्याला तेलुगू कळत होती.

यंदाचा उन्हाळा सुरू झाला आहे. सोलापुरात उन्हाळा येतो असं म्हणणं तसं बरोबर नाही. तो इथलाच रहिवासी आहे. पावसाळ्यात आणि थंडीत जरा बाहेरगावी जाऊन येतो, एवढंच. परवा सकाळी आभाळ पत्र्यासारखं पांढरं दिसलं, शेजारच्या गच्चीवर कूलर उतरवून कोणीतरी त्याची जाळी झाडायला घेतली, आणि मी समजले. माठ बाहेर काढला, धुतला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात परातीत वाळू घालून ती ओली केली. माठ आणायला मागे वळले, तेवढ्यात वाळूवर आमची ही मांजर, पिल्ली, येऊन बसली होती. तिला उठवून माठ ठेवला. ती माठाला पाठ लावून शहाबादी फरशीवर लांब झाली. आता पावसाळ्यापर्यंत तिचा पत्ता तोच.

गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली. त्या उन्हाळ्याची आठवण म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, मला आवाज आठवतात. दुपारी गल्ली ओस पडली की लांबून येणारी कुल्फीवाल्याची घंटा. कूलरची घरघर. नळाला हवा येऊन सुटणारी खरखर, आणि पाठोपाठ कुणाचं तरी, "पाणी आलं ओ!" आमच्या शुक्रवार पेठेत या एका हाकेला जेवढी माणसं धावून येतात, तेवढी कुठल्या सभेला येत नाहीत. शिट्टी होत आलेला कुकर, गच्चीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा वाऱ्यानं होणारा फडफडाट. यातलं विलासरावांना काहीच ऐकू येत नव्हतं.

विलासराव म्हणजे माझे यजमान. त्यांची सगळी नोकरी यंत्रमागांच्या कारखान्यात गेली. आधी माग दुरुस्त करण्यात, मग दुरुस्त करणाऱ्यांवर ओरडण्यात. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात. त्यांच्याकडे शेजारच्याला काही सांगायचं तर कानाशी जाऊन बोंबलावं लागे, आणि माझ्याकडे कुणी कुजबुजलं तरी मी चष्म्यावरून बघत असे. सकाळी एकाच दारातून निघून आम्ही दोन टोकांना जायचो आणि संध्याकाळी परत येऊन मध्यम आवाजात संसार करायचो. तो ठीक झाला.

निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की विलासरावांचे कान कारखान्यातच राहिले आहेत. म्हणजे इतरांच्या लक्षात आलं. त्यांचं म्हणणं, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. "पूर्वीची माणसं कशी मोकळ्यानं बोलायची. आता बातम्या वाचणाराबी लाजतो काय की." बातम्या वाचणाऱ्याची लाज घालवण्यासाठी ते आवाज वाढवत, आणि अख्ख्या गल्लीला देशाची परिस्थिती समजे. समोरच्याचे ओठ वाचण्यात मात्र ते तयार होते. मागांच्या खटखटाटात सगळे तसंच बोलतात. पण ओठ वाचायला समोरच्यानं समोर असावं लागतं, शिवाय मिशी बेताची असावी लागते.

संध्याकाळी ते बागेतल्या कट्ट्यावर मित्रांबरोबर बसायचे. तिथं एकदा त्यांचा जुना मित्र खाली मान घालून म्हणाला, "विलास, ही गेली रे." विलासरावांना 'गेली' एवढं कळलं. ते हसून म्हणाले, "लई बरं झालं की! जरा हवापालट हुईल."

काय झालं ते त्यांना घरी आल्यावर माझ्याकडून कळलं. ते तसेच परत गेले, मित्राच्या घरी, माफी मागायला. मित्र भला माणूस. त्यानं यांनाच थोपटलं. पण त्या दिवसापासून विलासराव कट्ट्यावर जाईनासे झाले. पाय दुखतात म्हणाले. सारा जन्म मागासमोर उभे राहिलेले पाय एकाएकी दुखायला लागले.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, यंत्र घेतलं. त्याची डबी फार सुंदर होती. ती कपाटात गेली आणि तिथेच राहिली.

"ते लावलं की माणूस म्हातारा दिसतो," ते म्हणाले.

"आणि आत्ता कसे दिसता?"

"न लावता म्हातारा."

गंमत अशी की चष्मा लावला तर माणूस वाचणारा वाटतो, आणि कानाला यंत्र लावलं तर गेलेला वाटतो. हा अन्याय कुणी आणि कधी सुरू केला ते मी शोधलं नाही. मला काळजी यंत्राची नव्हती. हा माणूस दिवसेंदिवस घरातल्या घरात लांब चालला होता. मी हाक मारत होते आणि ती पोचत नव्हती. जेवताना ते ताटाकडे बघत जेवायचे, म्हणजे माझे ओठ दिसायला नकोत. ते दिसले तर उत्तर द्यावं लागणार.

घरात एखादं मांजराचं पिल्लू आणावं, असं मला तेव्हा वाटलं. पिल्लू धावतं, पडद्याला लटकतं, दुधाचं पातेलं पाडतं. त्याच्यामागे उठावं लागतं, ओरडावं लागतं. गावाबाहेर माळावर प्राण्यांचं एक शेल्टर आहे. तिथे फोन केला. तो प्राण्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या नरसव्वांनी घेतला.

"तुमच्याकडे मांजराचं पिल्लू आहे का?"

"पिल्ली हाय की ओ बाई."

"लहान आहे ना?"

"लहानच हाय. एवढुशी."

"फार त्रास देईल का हो?"

"छ्या! लई गरीब हाय. बसली तर बसली."

'बसली तर बसली' ऐकून मला शंका यायला हवी होती. बसणारं पिल्लू जगात नसतं. पण कान उत्तम असले की माणसाचा त्यांच्यावर विश्वास असतो. मी रविवारी येते म्हणाले. रविवारीच या, असं त्यांनीही सांगितलं, कारण त्या दिवशी दत्तक सोहळा होता.

विलासरावांनाही मी बळेच बरोबर नेलं. सोहळा म्हणजे मांडव, लाल खुर्च्या, वर सांगितलेला फ्लेक्स आणि न आलेले प्रमुख पाहुणे. ते यथावकाश आले. त्यांच्याविषयी मला फक्त त्यांचा वाढदिवस माहीत होता. शहरातल्या प्रत्येक चौकाला माहीत होता. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये कुत्री भुंकत होती. पुढे एका टेबलावर पांढऱ्या कापडावर पिंजरे मांडले होते, आणि प्रत्येक पिंजऱ्याला झेंडूची माळ होती. एका पिंजऱ्यात राखी रंगाची, एक कान जरा फाटलेली, गालफडं बसलेली मांजर होती. बँकेत जेवणाच्या सुट्टीआधी खिडकीवर गेलं की आतला माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती.

"ही बघा पिल्ली," नरसव्वा म्हणाल्या.

"पिल्लू कुठं आहे?"

"ही की."

"अहो, ही मोठी मांजर आहे."

"व्हय की. पिल्ली म्हणजे मांजर. आमच्या तेलगूत पिल्लीच म्हणत्यात. तुमच्यात काय म्हणत्यात?"

"मांजर."

"मग मांजरच हाय की ही!"

या युक्तिवादात मला फट सापडली नाही. नरसव्वांनी तिची हकिगत सांगितली. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकर म्हातारीची ही मांजर. म्हातारी वारली. लेकरं हैदराबादला असतात. "त्यांनी म्हातारीची शिलाई मशीन नेली, भांडी नेली. हिला म्हणाले, तिकडं जागा न्हाय."

तेवढ्यात पाहुणे बोलायला उठले आणि माइकनं अशी काही किंचाळी फोडली की सगळा मांडव कानावर हात ठेवून वाकला. कुत्रीसुद्धा गप्प झाली. फक्त दोन जण जागचे हलले नाहीत. विलासराव आणि पिल्ली. ते दोघं एकमेकांकडे बघत होते. यात मी काही अर्थ काढू इच्छित नाही. ती ओरबाडेल की काय, ते बघत होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवत, हळूच म्हणाले, "परत जाऊ या. मला पिल्लू हवं होतं. हिचं वय झालंय."

आपला आवाज किती मोठा आहे हे ज्याला ऐकू येत नाही त्याला कळत नाही. विलासराव म्हणाले, "वय झालं म्हणून नको असंल, तर मलाबी हितंच सोडून जा!"

पाहुण्यांचं करुणेवरचं भाषण मध्येच थांबलं. मग त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग असावा, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. आम्हाला शाल आणि नारळ मिळाला. त्या वेळचा फोटो आमच्याकडे आहे. त्यात पाहुण्यांनी पिल्लीला दोन्ही हात लांब करून असं धरलंय, जसं चुलीवरून भगुणं उतरवून कुठं ठेवावं ते सुचत नाही. नारळाची मी वडी केली. बरी झाली.

घरी येऊन पिल्ली लोखंडी कॉटखाली गेली आणि राहिली. मी "ये ये ये" केलं, चुटक्या वाजवल्या, "मने, सोने" म्हणाले, जे मी पोटच्या मुलीलाही कधी म्हणाले नव्हते. फ्लेक्सवर लिहिली होती ती भाषा मी दिवसभर बोलले. तिनं शेपटीचं टोकही हलवलं नाही. दुधात भाकरी कुस्करून ठेवली. ती वास घेऊन परत गेली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तिच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग ताटावर चमचा वाजवला. तिनं जांभई दिली.

"वय झालंय," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येत नसणार."

विलासरावांनी त्यांचे ओठ वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला. कितीतरी महिन्यांनी. "आता घरात बहुमत आमचं," ते म्हणाले.

तेव्हापासून ती दोघं बरोबर दिसू लागली. भर दुपारी विलासराव बनियनवर, ओला टॉवेल खांद्यावर टाकून फरशीवर आडवे व्हायचे; कॉटखालून हळूहळू पिल्ली बाहेर यायची आणि हातभर अंतर ठेवून पसरायची. ते तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत. तिला ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं वाचत, आणि आपल्याला ऐकू यावं म्हणून आणखी मोठ्यानं. कारखान्यातल्या गोष्टी सांगत. कुणी मागात लुंगी अडकवून घेतली, कुठल्या मालकानं पंखा बसवतो म्हणून तीन उन्हाळे काढले. मला त्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नव्हत्या. तिचा फायदा असा की ती मध्येच काही विचारत नसे, आणि मग "काय? काय म्हणालीस?" असं तीनदा म्हणायची वेळ येत नसे. मी आतून ऐकत असे. मला पिल्लू हवं होतं हे मी हळूहळू विसरत होते. फक्त ती जेवत नव्हती. दोन-चार घास, की परत कॉटखाली. तिच्या पाठीचे मणके हाताला लागत होते. तिचं काही बरंवाईट झालं, तर हा माणूस आता कपाटातच जाऊन बसेल, अशी भीती मला वाटत होती.

मग कुरडयांचा दिवस आला. मी गव्हाचा चीक शिजवून पहाटे गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या. पिल्ली जिना चढून पहिल्यांदाच वर आली, तिनं लुगड्याच्या भोवती एक फेरी मारली आणि बरोबर मध्यभागी, सगळ्यात ओल्या कुरडयांवर बसली. मी टाळ्या वाजवल्या. "हाड् हाड्" केलं. लुगड्याचं टोक ओढलं. बहिऱ्या प्राण्यावर ओरडून काय उपयोग हे मला कळत होतं, पण कुरडया माझ्या होत्या. विलासराव चहाचा कप घेऊन जिन्यातून वर आले, त्यांनी दारातून ते पाहिलं आणि कारखान्यातल्या आवाजात गर्जना केली, "ए! पो! पो!"

पिल्ली उठली. एकेक पाय झटकून चीक उडवला आणि शहाण्यासारखी बाजूला झाली.

विलासराव कप धरून तसेच उभे राहिले. मग जरा खाली वाकून, हळू म्हणाले, "दा."

ती आली.

"इटु दा. कूसो."

ती बसली नाही. भाषा कळणं आणि सांगितलेलं ऐकणं यात फरक असतो, हे मला लग्नामुळे ठाऊक होतं. पण ती त्यांच्या पायाला घासून उभी राहिली, तोंड वर करून त्यांच्याकडे बघत, आणि तोंड उघडून काहीतरी लांबलचक बोलली.

तेव्हा मला कळलं की माझ्या नवऱ्याला तेलुगू येते. इतकी वर्षं संसार करून मला ते ठाऊक नव्हतं. कारखान्यात निम्मे लोक तेलुगू. मागावर ती भाषा न शिकता दिवस जात नाही. पण कुणी तेलाचे हात घेऊन घरात येत नाही, तशी त्यांनी ती भाषा कधी घरी आणली नव्हती. निवृत्त झाले, तशी कारखान्याच्या फाटकाशीच ठेवून आले. आणि टाळीचं म्हणाल, तर पिल्ली जन्मली आणि वाढली ती मागांच्या खोलीत. दिवसभर धोटा इकडून तिकडे आपटत असताना जिनं झोप काढली, तिनं एका डॉक्टरच्या टाळीची दखल का घ्यावी? आम्ही तिला बहिरी ठरवलं, कारण तिला आमचं बोलणं कळत नव्हतं. ही पद्धत जगात बरीच रूढ आहे. शिवाय 'पिल्ली' हा शब्द पहिल्या दिवसापासून माझ्या तोंडात होता. तो कुठल्या भाषेतला हे मला सांगितलेलंही होतं. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या बाईला आणखी किती खुणा हव्या होत्या, कोण जाणे.

खाली येऊन विलासरावांनी तिला विचारलं, "बुव्वा तिन्नावा?"

"कुठले बुवा?" मी म्हणाले.

त्यांना माझे ओठ दिसले आणि ते मोठ्यानं हसले. "बुवा न्हाय गं, बुव्वा! भात. लेकरांना म्हणत्यात तसं. हिला भाकरी देतीस व्हय? म्हातारीच्या घरी भातच खाल्ला असणार की हिनं."

मी दहीभात कालवला. ते "बुव्वा, बुव्वा" म्हणाले. ज्वारीच्या कोठारात राहून भाकरीला नाक मुरडणारी ती मांजर वाटी चाटून पुसून जेवली. त्या दिवसापासून तिच्या मणक्यांवर मांस दिसू लागलं.

सगळं छान झालं असं मी इथं लिहिलं असतं. पण जेवणाची वाटी उचलताना विलासराव म्हणाले होते, "हिला ऐकू येतंय की," आणि त्यांचा स्वर बदलीचा हुकूम आलेल्या माणसासारखा होता. त्यांचं बहुमत गेलं होतं. घरात पुन्हा ते एकटेच बहिरे. आणि आता एक नवीनच अडचण उभी राहिली. आपली भाषा येणारा एक तरी माणूस या घरात आहे हे कळल्यावर पिल्ली बोलायला लागली. दार उघडा, वाटी रिकामी आहे, माझ्या जागेवर वर्तमानपत्र का आहे, असं सगळं ती विलासरावांना सांगायची. मला नाही. मी तिच्या हिशेबी निरक्षर होते. तेलुगू कळणाऱ्याला ऐकू येत नव्हतं आणि ऐकू येणारीला तेलुगू कळत नव्हती. ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून ओरडायची, ओरडायची, आणि मग खाली बसायची. मला ते बघवत नसे. कारण तिच्याआधी कितीतरी दिवस मी तेच करत होते.

मे महिन्यात एका लग्नाला मी एकटीच मोहोळला गेले होते. विलासराव लग्नांना येत नव्हते. परत आले तेव्हा ऊन ऐन भरात होतं. रस्त्यातलं डांबर चपलेला धरत होतं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि मला तिचा आवाज आला. एक लांब, तुटका, पुन्हा पुन्हा येणारा आवाज. आधी वाटलं, एखादं मूल रडतंय. मग मी धावत सुटले.

विलासराव जिन्याच्या पायथ्याशी आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? जेवण कसं होतं?" मी तशीच वर गेले. गच्चीचं पत्र्याचं दार लावलेलं होतं. सकाळी ते चिंचा वाळत घालायला वर गेले, ती मागोमाग गेली, आणि ती कॉटखालीच आहे असं समजून त्यांनी येताना कडी घातली. मी दार उघडलं. पाण्याच्या टाकीच्या बुडाशी पट्टीएवढी सावली होती. त्या सावलीत ती अंग चोरून उभी होती. ती माझ्याकडे न बघता, पाय उचलून उचलून टाकत, जिना उतरली आणि माठापाशी जाऊन आडवी झाली.

विलासरावांनी टॉवेल भिजवून आणला, तिच्या पायांखाली सरकवला, आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. मग म्हणाले, "कुठनं ऐकू आलं तुला?"

"गल्लीच्या तोंडापासून."

"तोंडापासनं." त्यांनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. खुर्ची तिथेच होती. "मी हितं बसलो होतो की गं."

पिल्लीनं डोळे मिटले. ते तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होते, तेलुगूत. मला शब्द कळले नाहीत. कळायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाचं दार वाजलं. विलासराव ती सुंदर डबी टेबलावर ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, आतलं माहितीपत्रक वाचत होते. मागाचा नवीन सुटा भाग आल्यावर वाचावं तसं. "हे कुठल्या अंगानं घालायचं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी ते घातलं, बटण फिरवलं, आणि दचकून माझ्या हातांकडे पाहिलं.

"बांगड्या?"

"बांगड्या."

मग ते घरभर हिंडले. फ्रिजपाशी थांबले, पंख्याखाली थांबले, मोरीतल्या नळाचा थेंब ऐकून आले. "हे सगळं रोज वाजतं?"

"रोज."

"आणि तू गप बसून सोसलंस?"

नंतर म्हणाले, "तुझा आवाज बदललाय गं. जाड झालाय."

"मागे कधी ऐकला होतात?"

मग त्यांनी ती डबी बंद करून, रिकामीच, पुन्हा कपाटात ठेवली.

यंदा ते रोज संध्याकाळी कट्ट्यावर जातात. पाय दुखायचे थांबले. विनोदाला वेळेवर हसतात. मला तर वाटतं हसण्यासारखे नसतात त्यांनाही हसतात, मधली बाकी भरून काढायची म्हणून. त्या जुन्या मित्राला घेऊन परवा घरी चहाला आले होते. पिल्ली त्या मित्राच्या मांडीवर जाऊन बसली. तिला एक शब्द मराठी येत नाही असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग लई सुखी हाय." डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, वय आहे, पण जेवतेय ना, मग हाही उन्हाळा काढेल. मी तिला आता 'दा' म्हणते. ती माझ्याकडे जरा वेळ बघते, माझ्या उच्चाराचा विचार करते, आणि तिच्या मनात असेल तर येते.

त्या गेल्या उन्हाळ्याच्या शेवटाला, यंत्र लावून थोडे दिवस झाले असताना, एका दुपारी मी डोळे उघडले तर विलासराव कॉटवर बसलेले होते आणि त्यांचे डोळे ओले होते.

"काय झालं हो?"

"अगं, पिल्ली," ते म्हणाले. "मांजरं खुशीत असली की घुरघुरतात म्हणतात ना, तसं. आज ऐकलं मी. पहिल्यांदा. डोळे मिटून पडलो होतो, उघडले न्हाईत, थांबंल म्हणून. लई खोल आवाज गं. एका लयीत. लांबनं माग चालल्यागत. इतकं समाधान त्या आवाजात, की वाटलं, हिचं सगळं बरं झालं आता."

मी त्यांचा हात धरला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, आणि ती आम्हा दोघांनाही ऐकू येत होती. मला तो फ्लेक्स आठवला. त्यातलं वाक्य कदाचित अगदीच चूक नसेल, असंही क्षणभर वाटून गेलं.

पिल्ली त्या दुपारी शेजाऱ्यांकडे भात खायला गेली होती. खोलीत झोपलेली मी एकटीच होते.